आधी पावसाळा बाजूला काढावा लागतो : किनाऱ्यावरच्या पाण्याच्या अभ्यासाचा अनुभव

‘रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील पाण्याच्या गुणवत्तेचे सांख्यिकी विश्लेषण’ या विषयासाठी मी २०२१ च्या ऑगस्टमध्ये पीएच.डी.ची नोंदणी केली आणि २०२५ च्या जुलैमध्ये माझी मौखिक परीक्षा झाली. मी रसायनशास्त्र शिकवते. प्रयोगशाळेतील काम हाताला सवयीचे होते, पण सांख्यिकीशी माझा संबंध बी.एस्सी.च्या दुय्यम विषयापुरताच होता, आणि समुद्रावर नमुने घेण्याचा अनुभव मुळीच नव्हता. या वाटेवर काय काय लागते, कुठे थांबावे लागते आणि किती खर्च येतो, हे मला सुरुवातीला कोणी सांगितले असते तर पहिले वर्ष पुष्कळ सोपे गेले असते. म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

संशोधन सल्लागार समितीसमोर पहिले सादरीकरण झाले, तेव्हा मोजायच्या गुणधर्मांची लांबलचक यादी मी नेली होती. समितीतील एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी ती यादी बाजूला ठेवून एकच विचारले : पाणी वाईट आहे असे तुम्ही म्हणाल, ते कशाच्या तुलनेत? मला वाटते, या विषयात काम करू इच्छिणाऱ्याने सर्वांत आधी याच प्रश्नाचे उत्तर लिहून काढावे. कायद्याने दिलेली एक तुलना आपल्याकडे तयार आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषांनुसार किनाऱ्याच्या पाण्याचे वापराप्रमाणे पाच वर्ग पाडलेले आहेत. पहिला वर्ग मिठागरे, शिंपलेवर्गीय मासेमारी आणि संवेदनशील क्षेत्रांसाठी, दुसरा आंघोळ, जलक्रीडा आणि व्यावसायिक मासेमारीसाठी, तर चौथा बंदरांसाठी आहे. दुसऱ्या वर्गात विरघळलेला ऑक्सिजन लिटरला किमान ४ मिलिग्रॅम किंवा संपृक्ततेच्या (पाण्यात जास्तीत जास्त मावेल त्या प्रमाणाच्या) ५० टक्के, यांपैकी जे जास्त असेल तेवढा लागतो, आणि २७ अंश तापमानाला तीन दिवसांची जैविक ऑक्सिजन मागणी (जिवाणू सेंद्रिय घाण कुजवताना वापरतात तो ऑक्सिजन) ३ मिलिग्रॅमच्या आत असावी लागते. चौथ्या वर्गात हेच आकडे अनुक्रमे ३ मिलिग्रॅम किंवा ४० टक्के, आणि ५ मिलिग्रॅम असे आहेत. म्हणजे मांडवीच्या किनाऱ्याला आणि मिरकरवाड्याच्या बंदराला एकच पट्टी लावता येत नाही. नमुन्याची ठिकाणे ठरवतानाच प्रत्येक ठिकाणासमोर त्याचा वर्ग लिहून ठेवला, तर पुढे बरेच वाद टळतात.

मी सहा ठिकाणे निवडली : भाट्ये खाडीत आतवर काजळी नदीचे पाणी येते ती जागा, खाडीचे मुख, मांडवी, मिरकरवाडा बंदर, काळबादेवी, आणि वस्तीचा ताण तुलनेने कमी असलेले आरे-वारे. शेवटचे ठिकाण संदर्भासाठी होते. असे एक तरी ठिकाण प्रत्येकाने घ्यावे, कारण त्यावाचून ‘कशाच्या तुलनेत’ हा प्रश्न अर्धाच सुटतो.

परवानग्यांसाठी सप्टेंबरमध्ये अर्ज केले. होडीने बंदरात जाऊन पाणी घ्यायचे तर मत्स्यव्यवसाय, बंदर आणि सागरी पोलीस अशा तीन बाजूंना पत्रे द्यावी लागली. दोन पत्रांची उत्तरे महिन्याभरात आली. तिसऱ्या कार्यालयात मात्र फाईल जानेवारीपर्यंत एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहिली, आणि तो काळ फार अस्वस्थ करणारा होता, कारण फेब्रुवारीत काम सुरू झाले नसते तर उन्हाळ्याचा अख्खा हंगाम हातचा गेला असता. पत्र दिले की त्याच दिवशी आवक क्रमांक घ्यावा, आणि पुढच्या प्रत्येक चौकशीत तो क्रमांक सांगावा. अर्जासोबत ठिकाणांचे अक्षांश-रेखांश असलेला नकाशा, येणाऱ्या प्रत्येकाच्या ओळखपत्राची प्रत, होडीचा नोंदणी क्रमांक आणि नमुने घेण्याची अंदाजे वेळ दिली, तर विचारण्यासारखे फारसे उरत नाही. पत्रात ‘प्रदूषण’ या शब्दाऐवजी ‘पाण्याच्या गुणवत्तेचा शैक्षणिक अभ्यास’ असे लिहावे, असे आमच्या कार्यालयीन अधीक्षकांनी सुचवले होते. काम खरोखर तेच होते, आणि शंका कमी निघाल्या.

याच काळात जुन्या नोंदी मिळाव्यात म्हणून माहितीच्या अधिकाराखाली अर्ज केला. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लागतो आणि उत्तराची मुदत ३० दिवसांची असते. पहिल्या उत्तरात महिन्यावार आकडे आले, पण नमुना घेतल्याची वेळ त्यात नव्हती. वेळ नसेल तर त्या क्षणी भरती होती की ओहोटी हे कळत नाही, आणि ते कळले नाही तर खाडीतील क्षारतेच्या, म्हणजे मिठाच्या प्रमाणाच्या, आकड्याला फारसा अर्थ राहत नाही. पहिले अपील केल्यानंतर काही नोंदींच्या वेळा मिळाल्या. अर्ज करतानाच तारीख, वेळ, वापरलेली पद्धत आणि मापनाची किमान मर्यादा या चार गोष्टी स्पष्ट शब्दांत मागाव्यात.

आमच्या होडीचे तांडेल, म्हणजे प्रमुख नाविक, वयाने साठीच्या पुढचे होते. ठराविक तारखेला जायचे की ठराविक वाराला, याचा मी विचार करत असताना त्यांनी सरळ सांगितले, ‘‘मॅडम, तारीख-वार कशाला बघता? तिथी धरा, म्हणजे पाणी आपोआप सारखं मिळेल.’’ तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा आपल्या किनाऱ्यावरचा जुना हिशेब. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती आणि बाराच्या आसपास ओहोटी. अर्ध्यापाऊण तासाचा फरक पडतो, म्हणून भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून मी प्रत्येक वेळी खात्री करून घेत असे. पण दर महिन्याला अष्टमीच धरली, तर घड्याळातली वेळ आणि ओहोटीची अवस्था या दोन्ही गोष्टी जवळजवळ सारख्या राहतात. त्यामुळे उरलेला फरक खरोखर ठिकाणाचा आणि ऋतूचा आहे, असे धरता येते. माझ्या प्रबंधातील आकडेवारीचा पाया या एका वाक्याने पक्का झाला, आणि ऋणनिर्देशात तांडेलांचे नाव मी मार्गदर्शक सरांच्या नावालगत लिहिले आहे. अष्टमीला भांगाचे पाणी असते, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक लहान असतो, ओढ कमी असते, त्यामुळे होडी स्थिर राहते, हाही एक फायदा. उधाणाच्या, म्हणजे मोठ्या भरती-ओहोटीच्या, पाण्याची तुलना करता यावी, म्हणून प्रत्येक ऋतूत अमावास्येच्या आसपास एक जादा फेरी ठेवली.

फेब्रुवारी २०२२ मध्ये नमुने घ्यायला सुरुवात केली आणि जानेवारी २०२४ पर्यंत ते काम चालले. एक गट होडीने, दुसरा दुचाकीवरून काळबादेवी आणि आरे-वारेकडे, अशी विभागणी केली, कारण सर्व ठिकाणचे पाणी दोन-अडीच तासांत घेणे आवश्यक होते. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते आणि समुद्रही खवळलेला असतो. त्या महिन्यांत जेटीवरून, पुलावरून आणि किनाऱ्यावरूनच बादलीने पाणी घेतले, आणि नोंदवहीत तसे स्पष्ट लिहिले. होडीचे भाडे एका फेरीला दीड ते दोन हजार रुपये पडत असे. गाळण्याच्या काचतंतूंच्या चकत्यांची पेटी दहा हजारांच्या घरात गेली, आणि क्षारतेच्या अनुमापनाला (रसायन थेंबथेंब घालून मोजण्याला) लागणारे सिल्व्हर नायट्रेट इतके महाग होते की बहुतेक नमुन्यांना रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाशाच्या वक्रीभवनावरून क्षारता दाखवणारे उपकरण) आणि निवडक नमुन्यांना अनुमापन, असा मार्ग काढावा लागला. शासकीय अनुदान मिळाले नाही. महाविद्यालयाच्या लहानशा संशोधन निधीतून काही भाग आला आणि उरलेला पगारातून गेला. नियोजन करताना अंदाजपत्रकावर तिसरा हिस्सा वर धरावा.

ऑक्सिजनचा नमुना घेणे हे या सगळ्यातले सर्वांत नाजूक काम, म्हणून त्याबद्दल थोडे अधिक लिहिते. रबरी नळी बाटलीच्या तळाशी टेकवून पाणी हळूहळू भरायचे आणि बाटलीच्या दुप्पट-तिप्पट पाणी वरून वाहू द्यायचे, म्हणजे हवेला लागलेले पहिले पाणी निघून जाते. मग लगेच, होडीवरच, मँगनस सल्फेट आणि अल्कधर्मी आयोडाइड पृष्ठभागाखाली सोडून बाटली बूच लावून उलटसुलट करायची. ऑक्सिजन भरपूर असेल तर गडद तपकिरी साका बसतो, आणि ऑक्सिजन जितका कमी तितका साका फिकट होत जातो. ऑक्सिजन अजिबात नसेल तर साका पांढरा राहतो. बंदराच्या आतल्या पाण्यात हा साका कधी कधी दुधी चहाच्या रंगाचा दिसे, आणि प्रयोगशाळेत पोहोचण्याआधीच होडीवरचे सगळे त्या बाटलीकडे पाहू लागत. बाटलीच्या खांद्याशी एक जरी बुडबुडा अडकला तरी तो नमुना टाकून दुसरा घ्यावा. विंकलर यांनी १८८८ मध्ये मांडलेली ही पद्धत आजही पुरेशी विश्वासार्ह आहे, आणि महागडे उपकरण नसलेल्या महाविद्यालयातही ती नीट करता येते. विष्ठेचे प्रदूषण ओळखण्यासाठी मोजतात त्या कोलिफॉर्म जिवाणूंचे नमुने मात्र निर्जंतुक बाटल्यांत, बर्फात, सहा तासांच्या आत पोहोचवावे लागतात. ते काम आम्ही खाजगी प्रयोगशाळेला दिले होते, त्यामुळे नमुन्यांच्या दिवशी कोणाला तरी तेवढ्यासाठी मोकळे ठेवावे लागे.

पहिल्या वर्षाचे आकडे हातात आल्यावर तीन अडचणी समोर आल्या, आणि त्या तिन्ही या क्षेत्रात सर्वांना भेटतात. पहिली म्हणजे आकडे घंटेच्या आकाराच्या वक्राप्रमाणे पसरलेले नसतात. अमोनिया, फॉस्फेट आणि कोलिफॉर्म यांचे बहुतेक आकडे लहान आणि थोडे फार मोठे असतात. शापिरो-विल्क कसोटीने हे लगेच दिसते. अशा वेळी सरासरीपेक्षा मध्यक (आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा), किंवा लॉगरिदम घेऊन काढलेला भूमितीय मध्य अधिक प्रामाणिक ठरतो. दुसरी अडचण मर्यादेबाहेरच्या आकड्यांची. नायट्राइट अनेकदा ‘मापनमर्यादेपेक्षा कमी’, म्हणजे पद्धतीने खात्रीने मोजता येईल त्यापेक्षा कमी, असे येते, आणि पाच-पाच नळ्यांच्या पद्धतीत कोलिफॉर्मचे उत्तर कधी ‘१०० मिलिलिटरला १६०० पेक्षा जास्त’ एवढेच मिळते. ‘मर्यादेपेक्षा कमी’ आले त्या जागी मर्यादेचा निम्मा आकडा भरण्याची पद्धत सर्रास दिसते. ती मला पटली नाही, कारण त्यामुळे जे मोजलेच नाही त्याला मोजलेल्या आकड्याचे रूप येते. मी अशा ठिकाणी क्रमांकांवर आधारलेल्या (आकड्यांऐवजी त्यांचा लहान-मोठा क्रम पाहणाऱ्या) कसोट्या वापरल्या आणि किती टक्के नमुने मर्यादेबाहेर होते, हे प्रत्येक तक्त्याखाली दिले. मापनमर्यादा स्वतःच काढणे अवघड नाही : कमी संहतीच्या एकाच द्रावणाची सात वेळा मोजणी करून प्रमाण विचलनाला (आकडे सरासरीभोवती किती विखुरले याच्या मापाला) ३.१४ ने गुणले की ती मिळते.

तिसरी अडचण सर्वांत महत्त्वाची होती. आमच्याच महाविद्यालयातील सांख्यिकीच्या मॅडमनी माझा तक्ता पाहून विचारले की, एकाच दिवशी घेतलेले सहा नमुने एकमेकांपासून स्वतंत्र कसे मानायचे? त्या दिवशी पाऊस पडला असेल तर सहाही ठिकाणी तो पडलेला आहे. अनेक गटांची तुलना करणारी नेहमीची क्रुस्कल-वॉलिस कसोटी ही गोष्ट लक्षात घेत नाही. त्यांनी फ्रीडमनची कसोटी सुचवली. तीत प्रत्येक महिना हा एक गट मानतात आणि त्या महिन्यात सहा ठिकाणांचा क्रम लावतात. जुलैचे पाणी मेपेक्षा कितीही वेगळे असो, तुलना जुलैची जुलैशीच होते. यामुळे बंदर आणि आरे-वारे यांच्यातील अमोनियाचा फरक ठळकपणे पुढे आला, आणि मांडवी व काळबादेवी यांच्यातील जो फरक डोळ्यांना मोठा वाटत होता तो कसोटीवर टिकला नाही.

विश्लेषणासाठी ‘आर’ ही मोफत आज्ञावली वापरली. शिकायला चार-पाच महिने संध्याकाळचा वेळ गेला, पण परवान्यावर एक रुपयाही खर्च झाला नाही, आणि केलेली प्रत्येक पायरी फाईलमध्ये लिहिलेली राहिल्यामुळे सहा महिन्यांच्या प्रगती अहवालाच्या वेळी तेच आकडे पुन्हा काढणे काही मिनिटांचे काम झाले.

एकत्र बदलणारे गुणधर्म मोजक्या घटकांत गोळा करणारे प्रमुख घटक विश्लेषण केले, तेव्हा पहिला घटक निघाला तो क्षारतेचा. एका टोकाला क्षारता, दुसऱ्या टोकाला सिलिकेट, नायट्रेट आणि गढूळपणा. हा घटक म्हणजे नदीतून आलेले पावसाचे पाणी. सारखे नमुने एका फांदीवर आणणाऱ्या क्लस्टर आकृतीतही पावसाळ्याचे सगळे नमुने एका फांदीवर आणि बाकीचे दुसऱ्या फांदीवर गेले; ठिकाणांचा फरक त्यात दिसेनासा झाला. प्रदूषणाचा म्हणता येईल असा गट, म्हणजे अमोनिया, फॉस्फेट, जैविक ऑक्सिजन मागणी आणि त्यांच्या उलट दिशेला ऑक्सिजन, हा दुसऱ्या घटकात होता. पहिल्या घटकालाच ‘प्रदूषण घटक’ असे नाव देऊन मोकळे झालेले लेखन मी वाचले होते, आणि आपल्या किनाऱ्यावर ते का चालत नाही हे इथे स्पष्ट दिसले. कोकणात वर्षाचा बहुतेक पाऊस चार महिन्यांत पडतो. मे महिन्यात दर हजारी पस्तिसाच्या आसपास असणारी क्षारता जुलैत खाडीच्या आत जवळजवळ गोड्या पाण्यावर येते. एवढा मोठा बदल बाजूला काढल्याशिवाय सांडपाण्याचा लहान परिणाम दिसणार नाही.

तो बाजूला काढायचा मार्ग साधा आहे. आलेखावर आडव्या अक्षावर क्षारता आणि उभ्या अक्षावर नायट्रेट घ्यायचे. नदीचे पाणी आणि समुद्राचे पाणी नुसते एकमेकांत मिसळत असेल, तर मधले सर्व बिंदू या दोन टोकांना जोडणाऱ्या सरळ रेषेवर पडतात. बिंदू रेषेच्या वर गेला तर वाटेत कुठून तरी भर पडलेली आहे, खाली गेला तर वाटेत ते वापरले गेले आहे. प्रत्येक नमुना त्याच्या रेषेपासून किती दूर आहे हा आकडा घेऊन मी विश्लेषण पुन्हा केले, आणि तेव्हा क्लस्टर आकृतीत ऋतूंऐवजी ठिकाणे वेगळी झाली.

ऋतूसुद्धा पंचांगावरून किंवा महिन्यांवरून ठरवू नयेत, हे २०२३ ने दाखवले. त्या वर्षी बिपरजॉय चक्रीवादळ अरबी समुद्रात होते, मोसमी पाऊस ११ जूनला रत्नागिरीपर्यंत आला आणि तिथेच बरेच दिवस रेंगाळला. जूनचे आमचे नमुने तक्त्यात ‘पावसाळा’ या सदरात बसत होते, पण पाण्याची क्षारता उन्हाळ्याचीच होती. पुढे ऑगस्ट तर देशभरात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. म्हणून ऋतूंची विभागणी मी नमुन्याआधीच्या सात दिवसांच्या पावसावरून केली. त्यासाठी पावसाची रोजची नोंद पहिल्या दिवसापासून जमवावी.

ऑक्सिजनबाबतही असाच विवेक लागतो. २८ अंश तापमानाच्या गोड्या पाण्यात लिटरला सुमारे ७.८ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, तर तितक्याच तापमानाच्या ३५ क्षारतेच्या पाण्यात सुमारे ६.४. म्हणजे पावसाळ्यात मिलिग्रॅम वाढलेले दिसले, तरी पाणी सुधारले असा त्याचा अर्थ होत नाही. टक्केवारीतील संपृक्तता काढूनच तुलना करावी. शिवाय पावसाळ्याच्या अखेरीस पश्चिम किनाऱ्यावर खोल पाण्यातला कमी ऑक्सिजनचा थर वर सरकतो, आणि गोव्यासमोरच्या उथळ समुद्रात राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने तो अनेक वर्षे नोंदलेला आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ऑक्सिजन कमी आला, तर अमोनिया आणि कोलिफॉर्मही सोबत वाढले आहेत का, हे पाहिल्याशिवाय सांडपाण्याला दोष देऊ नये.

सगळे गुणधर्म एकाच निर्देशांकात बसवून ‘उत्तम’, ‘मध्यम’, ‘वाईट’ असे शिक्के मारावेत, असा आग्रह एका बैठकीत झाला. मी तो निर्देशांक परिशिष्टात दिला, पण निष्कर्ष त्यावर आधारले नाहीत. कोलिफॉर्म वाढले तर काठावरच्या माणसाच्या आरोग्याचा प्रश्न आहे आणि गढूळपणा वाढला तर बहुधा नदीच्या मातीचा; या दोन्हींची बेरीज करून आलेला एक आकडा ग्रामपंचायतीला काय करा हे सांगू शकत नाही.

लेखनाला २०२४ चे जवळजवळ पूर्ण वर्ष गेले. साहित्यचोरी तपासणीत साम्य १० टक्क्यांच्या आत असावे लागते. पद्धतींच्या प्रकरणात ठरावीक वाक्ये येतातच, त्यामुळे ते प्रकरण पुन्हा लिहावे लागले. प्रबंध २०२५ च्या जानेवारीत दाखल केला. बांधणी आणि रंगीत आलेखांसह प्रतींचा खर्च सात-आठ हजारांवर गेला. परीक्षकांचे अहवाल यायला जूनपर्यंत थांबावे लागले, आणि त्या पाच महिन्यांत विचारणा करण्याखेरीज हातात काही नसते, हे आधीच मनाशी धरलेले बरे.

मौखिक परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी अष्टमीच्या नियमावरच बोट ठेवले. सगळे नमुने भांगाचे असतील तर उधाणाच्या पाण्याबद्दल तुम्ही काय सांगू शकता, असे त्यांनी विचारले. अमावास्येच्या जादा फेऱ्यांचे आकडे तिथे उपयोगी पडले : खाडीच्या मुखाशी उधाणाच्या ओहोटीला गढूळपणा आणि अमोनिया दोन्ही वाढत होते, बंदरात मात्र उधाणाने पाणी अधिक धुतले जात होते. रात्रीचे नमुने का नाहीत, या दुसऱ्या प्रश्नाला सुरक्षेची अडचण हेच खरे उत्तर होते. पहाटे ऑक्सिजन सर्वांत कमी असतो, त्यामुळे दुपारच्या आकड्यांवरून किमान पातळी सांगता येत नाही, हे मी प्रबंधाच्या मर्यादांमध्ये लिहिलेले होते आणि ते त्यांना वाचून दाखवले.

प्रबंध शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर चढवला गेला. त्याच्या निष्कर्षांचे चार पानी मराठी टिपण किनाऱ्यावरच्या ग्रामपंचायतींना आणि मच्छीमार सोसायटीला नेऊन दिले. सोसायटीच्या बैठकीत पहिला प्रश्न आला तो बंदरात मासळी धुण्यासाठी कोणते पाणी वापरावे याचा. कोलिफॉर्मचा तक्ता उघडून आम्ही त्यावर बोललो, आणि जेटीच्या आतले पाणी त्यासाठी वापरू नये, भरतीच्या वेळी बाहेरच्या बाजूचे किंवा नळाचे घ्यावे, असे मी सांगितले. आता तेथील दोन तरुण दर अष्टमीला जेटीवर ऑक्सिजनची बाटली भरून आमच्या प्रयोगशाळेत आणून देतात. रसायनांचा खर्च महाविद्यालय करते, आणि नोंदवहीत पहिला रकाना भरती-ओहोटीच्या वेळेचा आहे.